उंची शून्य

माझाच आवाज तृप्तीला म्हणाला, “पुन्हा बघ बरं,” आणि अख्खा वर्ग हसला. मी तोंड उघडलेलं नव्हतं. मी खिडकीपाशी उभी होते, आणि आवाज भिंतीवरच्या त्या मोठ्या पडद्यातून आला होता. आठवी ब. विषय पाण्याचं उकळणं. आदल्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत खरंखुरं पाणी उकळलं होतं. तृप्तीच्या गटाचा पारा अठ्ठ्याण्णव अंशांवर येऊन थांबला होता. पाणी खदखदत होतं आणि पारा ढिम्म हलत नव्हता. तृप्तीनं वाकून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून, पुन्हापुन्हा खात्री करून तो आकडा वहीत लिहिला होता. आज मी बनवलेला डिजिटल धडा पडद्यावर लावायचा, प्रत्येक गटानं आपला आकडा त्यात भरायचा आणि मग पडद्यानं मुलांना विचारायचं, पुस्तकात शंभर लिहिलंय, तुमचं अठ्ठ्याण्णव आलं, असं का झालं असेल? निदान मी बनवला तेव्हा तरी तो असा होता. तृप्तीनं नऊ दाबलं, आठ दाबलं, आणि लाल चौकट आली: तुमचं निरीक्षण चुकलं आहे. त्यामागोमाग माझा आवाज. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “शंभर टाक ना येडे.” तिनं शंभर टाकलं. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, टाळ्या वाजल्या आणि माझाच आवाज लाडात येऊन “शाब्बास” म्हणाला. तृप्ती जागेवर गेली, कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि वहीतलं अठ्ठ्याण्णव खोडायला लागली. तिला थांबवायला मी दोन बाकं ओलांडून गेलेही, पण तेवढ्यात तास संपला आणि मुलं मधल्या सुट्टीसाठी उधळली. मी नुसती उभी राहिले.

राग म्हणजे किती राग. लोक म्हणतात शिक्षकानं रागावू नये, मनावर ताबा ठेवावा, आता तर त्याची प्रशिक्षणंसुद्धा होतात, डोळे मिटून श्वास मोजायला लावतात. मला श्वास मोजायचा नव्हता. मला कुणाची तरी गचांडी धरायची होती आणि कुणाची धरायची तेच कळत नव्हतं. स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मी लॅपटॉप उघडला. धडे बांधायचं ते सॉफ्टवेअर मला तोपर्यंत फार प्रिय होतं, हे आधी सांगायला पाहिजे. गेल्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका संस्थेनं ते आम्हा काही विज्ञानशिक्षकांच्या हाती दिलं, आणि नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की कुणीतरी आपल्याला विचारून एखादी वस्तू केली आहे. डाव्या बाजूला चंचुपात्र, बर्नर, थर्मामीटर, बर्फाचे खडे. उचलायचे आणि मधे मांडायचे. मग ठरवायचं, अमुक झालं की तमुक घडेल. मुलानं हे उत्तर दिलं तर त्याला हा प्रश्न विचारायचा, ते दिलं तर तो. चूक आणि बरोबर एवढ्यावर भागवायचं नाही, मुलाला वाटेत चार ठिकाणी थांबवायचं, विचार करायला लावायचं, हे सगळं त्यात करता येत होतं. मेच्या सुट्टीत बाकीच्या बायका कुरडया घालत होत्या आणि मी दुपारभर पाणी उकळत होते, पडद्यावर. आवाजही माझाच द्यायचा होता. बेडरूमची दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाच्या धारांत मी “पुन्हा बघ बरं” कितीतरी वेळा म्हटलं होतं. ते मुलाला दरडावल्यासारखं वाटायला नको होतं. थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकलाय, म्हणून पारा भलताच चढलाय, अशा मुलासाठी ते वाक्य होतं. घाई करू नकोस, तू हुशार आहेस, फक्त पुन्हा बघ, एवढं सगळं त्या तीन शब्दांत यायला पाहिजे म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. आणि कुणीतरी तेच वाक्य उचलून, बरोबर बघणाऱ्या मुलीच्या कानफटात मारलं होतं.

काय बदललंय ते शोधायला वेळ लागला नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात एक चौकोन असतो, ठिकाणाची उंची. बहुतेक जण तो बघतही नाहीत. आपण जसजसे समुद्रापासून वर चढतो तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी थोडं आधीच उकळतं, हे त्या सॉफ्टवेअरला ठाऊक आहे. ज्यानं बनवलं त्यानं विचार करून बनवलंय. मी तिथे नाशिकची उंची टाकली होती, सहाशे मीटरच्या आसपास, आणि पडद्यावरचं पाणीसुद्धा शहाण्यासारखं अठ्ठ्याण्णवला उकळायला लागलं होतं. आता त्या चौकोनात शून्य होतं, म्हणजे शंभर सोडून बाकी सगळं चूक. त्यावर करडा रंग चढवून तो बंद करून टाकलेला. खाली बारीक अक्षरात: तपासणी गटाने दुरुस्त केले. दुरुस्त! मी खिडकीतून बाहेर बघितलं. मालेगाव स्टँडकडे जाणारी रिक्षांची रांग, भाजीच्या हातगाड्या, देवळाचं शिखर, हे सगळं कुणीतरी एका बोटानं समुद्राच्या पाण्याला नेऊन टेकवलं होतं.

शाळा सुटल्या सुटल्या मी गाडी काढली. कुंभमेळ्याच्या नावानं जिकडेतिकडे रस्ता उकरलेला, रामवाडीच्या पुलावर गाड्या एकीला एक चिकटून उभ्या, आणि उन्हात त्या गर्दीत अडकल्यावर मला जयराम सर आठवले नसते तरच नवल. निफाडची आमची शाळा. नववीचा वर्ग. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, तिच्यात एकच स्टोव्ह, आणि जयराम सर स्टुलावर पेपर वाचत बसलेले. मी वाचलं, अठ्ठ्याण्णव. सर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, शंभर लिही. मी म्हटलं, सर पण अठ्ठ्याण्णवच आहे. तेव्हा त्यांनी पेपर खाली केला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, “का गं, निफाडचं पाणी काय वेगळं उकळतं का?” पोरं खदाखदा हसली. पुढे कितीतरी दिवस मी नळावर गेले की मुलं ओरडायची, साधना आली, पाणी वेगळं उकळणारी. मी शंभर लिहिलं. माझे वडील पुंजाराम भाजीचा माल घेऊन बाजाराला जायचे, त्यांना शाळेतलं काही सांगायची सोय नव्हती. मास्तर म्हणतात तर तसंच असणार म्हणाले असते. बी.एस्सी.ला आल्यावर भौतिकशास्त्राच्या तासाला बाईंनी फळ्यावर दाबाचं समीकरण मांडलं आणि सहज म्हणाल्या, आता नाशिकमध्ये बघा, दोनेक अंश आधीच उकळेल. वर्गात कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही. मी मात्र वहीच्या कोपऱ्यात शंभरातून दोन वजा केले. मला आनंद व्हायला पाहिजे होता, माझं बरोबर होतं म्हणून. आनंद वगैरे काही झाला नाही. वाटलं, तेव्हाच्या तेव्हा एसटीत बसून निफाडला जावं आणि त्या माणसाच्या हातातला पेपर ओढून घेऊन सांगावं, होय, निफाडचं पाणी वेगळं उकळतं, तुम्ही एवढी वर्षं त्याच खोलीत बसून होता आणि तुम्ही एकदाही बघितलं नाही. मी गेले नाही, कारण सर तोवर वारले होते. मेलेल्या माणसावरचा राग कुठे ठेवायचा हे मला कुणी शिकवलं नाही. मी तो वर्गात ठेवला. माझ्या वर्गात कुणी शंभर वाचलं तर मी विचारायची, नक्की? दाखव बरं. आणि पारा अठ्ठ्याण्णवला दिसला की त्या पोराचा चेहरा जो व्हायचा, त्यासाठी मी ही नोकरी करत आले. पगारासाठीही करते, पण त्यासाठी जास्त. मागून कुणीतरी कर्कश हॉर्न दिला. पुढची रिक्षा हलली होती आणि मी तशीच उभी होते.

संस्थेचं ऑफिस गार होतं. हर्षल नावाचा समन्वयक, तिशीतला, नम्र, दाढी कोरलेली, इंजिनिअर झालेला आणि कधीही कुठल्याही वर्गावर न उभा राहिलेला. त्यानं मला कॉफी दिली, मॅम मॅम केलं, माझा धडा सगळ्यांत चांगला झालाय म्हणून तर सोमवारी जिल्ह्यातल्या शाळांना तोच सगळ्यांत आधी जाणार, फक्त माझ्या लॉगिनवरून शेवटचं “मान्य” तेवढं दाबायचं राहिलंय, असं सांगितलं. मी त्याला उंचीचं विचारलं. तो ओशाळला वगैरे अजिबात नाही. म्हणाला, ते टीमनं ठरवलंय. पुस्तकात शंभर, परीक्षेत शंभर, मग धड्यात अठ्ठ्याण्णव आलं की मुलं कन्फ्यूज होतात, पालक शाळेत जातात, शाळा आम्हाला फोन करतात. वाटल्यास खाली एक टीप टाकू, हे तापमान समुद्रसपाटीला. मी म्हटलं, मग समुद्रसपाटीच्या पोरांना पाठवा, कळवण, पेठ, सुरगाण्याच्या पोरांनी काय घोडं मारलंय? तो हसला. मी विनोद केलाय असं त्याला वाटलं असावं. तुमच्या टीममध्ये कुणी पाणी उकळून बघितलं का, असं विचारलं तर म्हणे, चहा करतो ना मॅम रोज. या माणसाचा मला तितकासा रागही येत नव्हता, येत होता तो त्याच्या त्या शांतपणाचा. माझा आवाज वर चढला की त्याचा आणखी खाली जायचा, आजारी माणसाशी बोलावं तसा. शेवटी मी म्हटलं की आज एका मुलीनं खरं बघितलेलं खोडून खोटं लिहिलं, आणि ते माझ्या आवाजानं तिला करायला लावलं. त्यावर त्यानं खुर्ची पुढे ओढली, आता मला समजावून सांगायची वेळ आली असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“मॅम, शंभर ही संकल्पना आहे. अठ्ठ्याण्णव हे फक्त एक रीडिंग आहे.”

फक्त. मी कॉफीचा कप टेबलावर ठेवला तेव्हा तो इतक्या जोरात आपटला की काचेपलीकडच्या मुलींनी माना वर केल्या. हजारो वर्षं माणसं संकल्पना उराशी धरून बसली होती आणि कुणीतरी एकदा फक्त रीडिंग घेतलं, म्हणून तर विज्ञान नावाचं काही आहे, असं मला म्हणायचं होतं. पण असली वाक्यं वेळेवर येतात कुठे. मी एवढंच म्हणाले की माझं नाव काढा आणि आवाज काढा. नाव काढता येईल, तो लगेच म्हणाला, इतक्या लगेच की मला ते लागलं. आवाज मात्र राहील. सुरुवातीला तुम्ही जी संमती दिली होती त्यात ते आहे, आणि आवाज फार गोड लागलाय मॅम, मुलांना आवडतो. मी उठले. जिन्यावरून उतरताना मला माझ्या घशाची किळस आली, खरंच किळस, काहीतरी खरकटं अडकल्यासारखी.

घरी योगेश आलेला होता. माझा नवरा अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर पोलादाचे सुटे भाग मोजायचे, केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी भाग बाजूला काढायचा, हे त्याचं काम. घरातसुद्धा फोटो तिरका टांगलेला त्याला खपत नाही. मी कांदा चिरता चिरता सगळं सांगितलं, तो दारात उभा राहून ऐकत होता, आणि मला वाटलं, हा तरी पेटून उठेल. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, तुझं बरोबर आहे. मी वाट बघत राहिले. मग तो म्हणाला, “पण साधना, दोन डिग्रीनं कुणाचं काय बिघडतंय?” मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, तुझ्या भागात दोन डिग्रीचा फरक आला तर? तो म्हणाला, ते वेगळं, ते गाडीत बसतात, माणसं मरतील. त्याच्या दृष्टीनं हिशेब मिटला होता. पोरीच्या डोक्यात बसवतात ते काही गाडीत बसत नाही. शेजारी कुकरची शिट्टी झाली. घरोघर रोज कुकर लावणारं हे गाव, आत दाब वाढवला की पाणी शंभराच्याही वर जातं म्हणून डाळ लवकर शिजते, ती खाऊन पोसलेली माणसं, आणि त्यांना पटवायला मी शाळा सुटल्यापासून घसा फोडत होते. मी पुन्हा सुरी उचलली. योगेश वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. जयराम सरही वाईट नसावेत. त्यांच्याही घरी कुणीतरी त्यांना भला माणूस म्हणत असेल.

ताटं वाढायच्या आधी मी लॅपटॉप ओट्यावरच उघडला. पिठाचे हात तसेच होते. उंचीच्या चौकोनावर दहादा बोट आपटून बघितलं, तो उघडला नाही. “मान्य” मात्र हिरवं, टपोरं, वाट बघत असलेलं. त्याच्या खाली कोपऱ्यात “धडा काढून टाका” असं बारीक लिहिलेलं होतं. मी धडा एकदा पहिल्यापासून चालवून बघितला. बर्नर मी पेटवला, बुडबुडे मी सोडले. आधी तळाला बारीक, मग मोठे, मग वरचं पाणी डुचमळायला लागतं ते, हे बुडबुडे बरोबर यावेत म्हणून चार दिवस मी स्वयंपाकघरात पातेल्यासमोर उभी होते. किती सुंदर उकळत होतं ते पाणी. आणि त्याच्या मधोमध शंभर. मला रडू आलं नाही. पाळलेल्या जनावराला रोग लागला तर माणूस काय करतो, तसं काहीतरी मनात आलं आणि मी ते बारीक अक्षर दाबलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, खात्री आहे ना? एवढ्या दिवसांत मला कुणीतरी पहिल्यांदाच नीट विचारत होतं. मी हो म्हटलं. पडद्यावर रिकामी जागा राहिली, तिच्यात पिठाचा ठसा. योगेशनं विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, काही नाही, जेवायला बस.

सकाळी अंग हलकं होतं. शाळेच्या पायऱ्या चढताना मला चक्क भूक लागली होती. आज पहिल्याच तासाला आठवी ब ला पुन्हा प्रयोगशाळेत न्यायचं, पुन्हा पाणी उकळायचं, तृप्तीला पुढे बोलवायचं आणि तिच्या तोंडून सगळ्यांना ऐकवायचं, हे मी रात्रीच ठरवलं होतं. पर्स ठेवता ठेवता फोन वाजला. हर्षलचा मेसेज. गुड मॉर्निंग मॅम, काल तुमच्याकडून चुकून धडा डिलीट झाला वाटतं, काळजी करू नका, आमच्याकडे कॉपी होती, परत घेतलाय आणि तुमचा त्रास वाचावा म्हणून मान्य पण आम्हीच करून टाकलंय. शेवटी हात जोडलेलं चित्र. मी तो परत वाचला. चुकून. त्यांच्या लेखी मी रागसुद्धा चुकूनच करू शकत होते. म्हणजे सोमवारी ते पाणी जिल्हाभर शंभराला उकळणार, आणि जिथे जिथे एखादं पोर डोळे उघडून बघेल तिथे तिथे माझा आवाज त्याला खाली बसवणार. फोन भिंतीवर फेकावा असं वाटलं. फेकला नाही. अजून एक मुलगी हातात आहे, मी स्वतःला म्हटलं. जिल्ह्याचं जाऊ दे, ही एक तर माझ्यासमोर बसते.

मी मुलांना प्रयोगशाळेत नेलं. बर्नर पेटवला, चंचुपात्र ठेवलं, थर्मामीटर बुडाला टेकणार नाही असा टांगला. कालच्या पडद्याचं नाव काढलं नाही. मुलं गोळा झाली. पाणी तापलं, आधी तळाला बारीक बुडबुडे, मग मोठे, मग सगळं पाणी उसळायला लागलं. पारा चढत गेला आणि थांबला. मी बघितलं. अठ्ठ्याण्णव, रेषेला रेष लागून. माझ्या अंगावर इतक्या वर्षांनीही काटा येतो. मी तृप्तीला पुढे बोलावलं. मखमलाबादला तिच्या घरची फुलशेती आहे, पहाटे शेवंती खुडून मग शाळेला येते, बोटांची टोकं कायम हिरवट असतात. ती आली, वाकली, डोळा रेषेत आणला, मी शिकवलं होतं अगदी तसा. एवढं नीट बघताना मी मोठ्या माणसांनासुद्धा पाहिलेलं नाही. मी विचारलं, किती आहे?

मुलं थांबली होती, पाणी खळखळत होतं. तिनं मान वर केली आणि दाराकडे बघितलं, पलीकडच्या वर्गातल्या पडद्याच्या दिशेनं. मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत होती, कपाळावर, ओठांवर, आणि मी चेहरा जेवढा कोरा ठेवता येईल तेवढा ठेवत होते.

“घाबरू नकोस,” मी म्हटलं. “दिसतंय ते सांग.”

ती एक पाऊल माझ्याकडे आली आणि तिनं मागच्या मुलांना ऐकू जाणार नाही अशा हळू आवाजात, अगदी समजूतदारपणे, मला विचारलं:

“मॅडम, तुम्हाला कोणतं पायजे?”